अभिकेंद्री सोलकढी

आमच्या इमारतीच्या गच्चीच्या दारावर एक पाटी आहे : ‘वाळवण चालू असताना गच्चीवर विज्ञानाचे प्रयोग करण्यास सक्त मनाई आहे.’ उभ्या शांती नगरात अशी पाटी दुसरीकडे कुठेही नाही. ती माझ्यामुळे लागली, आणि रंगवण्याआधी तिचा मजकूर तपासायलाही सेक्रेटरीने माझ्याकडेच पाठवला. मी एक वेलांटी दुरुस्त करून दिली.

बत्तीस वर्षं मी भाईंदरच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवलं. आता निवृत्त आहे, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटा असतो. माझी बायको सुलभा तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून घरात बोलणाराही मीच आणि ऐकणाराही मीच. (वर्ग शांत बसला की पूर्वी मला फार बरं वाटायचं. आता शांततेचा कंटाळा आलाय.) मुलगा नीलेश, सून रेश्मा आणि नववीतली नात सई खारघरला राहतात. अंतर काही फार नाही, पण मध्ये घोडबंदरचा रस्ता आणि काशीमीऱ्याचा कायम तुंबलेला नाका आहे. त्यामुळे आमच्या समोरच्यांचा कॅनडातला मुलगा मला नीलेशपेक्षा जास्त वेळा भेटतो.

फोन करणं हे सुलभाचं काम होतं. रोज संध्याकाळी सातला ती खारघरला फोन लावायची आणि मी पेपरातून डोकं वर न काढता मागून सूचना द्यायचो. “विचार, गाडीचं सर्व्हिसिंग केलं का.” “विचार, सईला गणितात किती मिळाले.” ती विचारायची, उत्तर मला सांगायची, मी “हं” म्हणायचो. झालं माझं मुलाशी बोलणं. ती गेल्यावर हे काम कोणाकडे आलं, ते ठरवायचं राहूनच गेलं. मी वाट बघत बसलो. बापाने आपण होऊन फोन करायचा म्हणजे काहीतरी मागायला केल्यासारखं दिसतं, आणि मागणं आमच्या परबांच्या रक्तात नाही. शिवाय सूर्य काही पृथ्वीच्या घरी जात नाही, पृथ्वीनेच फिरायचं असतं. या तत्त्वावर मी तीन वर्षं खुर्चीत बसून होतो. पृथ्वीचा फोन महिन्यातून एकदा यायचा.

मे महिन्यात एका मंगळवारी हा फोन महिना भरायच्या आतच आला.

“आजोबा, बिझी आहात का?” सईने विचारलं.

मी त्या वेळी फ्रिजचं वॉरंटी कार्ड दुसऱ्यांदा वाचत होतो. (मुदत संपून सहा वर्षं झालीत.) “थोडा आहे. पण बोल.”

“मला व्हेकेशन प्रोजेक्ट आहे. सायन्समधला एक वर्ड घ्यायचा आणि त्याचा मीनिंग आणि ओरिजिन सांगायचा. व्हिडिओ करायचाय. चिठ्ठीत मला सेंट्रिपेटल आलाय.”

“अभिकेंद्री,” मी म्हणालो.

“अभि कोण?”

तिथून मी जो सुटलो तो सुटलोच. अभि म्हणजे कडे, दिशेने. अभिकेंद्री म्हणजे केंद्राच्या दिशेने. वर्तुळात फिरणाऱ्या कुठल्याही वस्तूला सतत आतल्या बाजूला, मध्याकडे ओढत ठेवणारं जे बल असतं, ते अभिकेंद्री बल. सेंट्रिपेटल हा शब्द सफरचंदाच्या गोष्टीतल्या त्या इंग्रज साहेबांनी तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी लॅटिनमध्ये घडवला. त्याआधी एका डच गृहस्थाने केंद्रापासून पळणाऱ्या बलाला नाव देऊन ठेवलं होतं. साहेबांनी त्याचाच जोडीदार तयार केला, केंद्राकडे जाणारा. त्यातलं ‘पेतेरे’ म्हणजे जाणे, शोधणे आणि मागणेसुद्धा. आपण कोर्टात पिटिशन टाकतो ते याच घरातलं. आणि केंद्र हा शब्द आपण संस्कृत म्हणून मिरवतो, पण तो मुळात ग्रीकांचा, ‘केंत्रोन’. म्हणजे बैलाला टोचायच्या काठीची अणी. पुढे कंपासच्या टोचणाऱ्या पायाला तेच म्हणायला लागले, मग तो पाय जिथे रुततो त्या बिंदूला.

चाळीस मिनिटं झाली. तीन वर्षांत मी सलग एवढं बोललो नव्हतो. घसा दुखायला लागला.

“आजोबा,” सई म्हणाली, “हे फोनवर नको. आम्ही रविवारी येतो. तुम्ही करून दाखवा, मी शूट करते.”

“बघा जमलं तर,” मी अगदी तटस्थपणे म्हणालो. फोन ठेवला आणि घरातले पंखे पुसायला घेतले.

प्रयोग साधा होता. पाण्याने भरलेली किटली दोरीला बांधून उभी गरागरा फिरवायची. किटली डोक्यावर उलटी होते तरी पाणी पडत नाही. शाळेत मी तो दरवर्षी करायचो आणि पोरं दरवर्षी माझं डोकं भिजायची आशा धरून बसायची. किटली घरात होती, दुधाची, कडीची. दोरी खिडकीच्या ग्रिलला लटकत होती.

या दोरीबद्दल सांगायला हवं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. त्यामुळे भाजीवाला खाली आला की बायका दोरीला पिशवी अडकवून खिडकीतून सोडतात. सुलभाची दोरी निळ्या नायलॉनची होती. टोकाला एक लोखंडी आकडा आणि आकड्याला तिने स्वतः मारलेली गाठ. नऊ वर्षं उन्हात राहून तिचा निळा रंग पार उडाला होता. दिवाळीत नीलेशने नवी दोरी आणून दिली, ती मी कपाटात ठेवून दिली. कारण जुनी टाकायची तर ती गाठही टाकावी लागली असती. एवढंच कारण. झिजलेल्या दोरीचा ताण सोसण्याचा दम कमी होतो हे मी बत्तीस वर्षं शिकवलं होतं, पण ते इतरांना.

शनिवारी पहाटे गच्चीवर जाऊन मी पाच वेळा रंगीत तालीम केली. एक थेंब सांडला नाही. (म्हणजे त्या दोरीत जो काही जीव उरला होता, तो मी तालमीतच संपवला.) मग जेवणाची तयारी. भात आणि बटाट्याची भाजी जमते मला, पण नीलेशला सोलकढी लागते, आणि ती सुलभाच्या हातची. दोनदा बिघडली. तिसऱ्यांदा खोबऱ्याचं दूध, कोकमाचं आगळ, मिरची, लसूण असं काहीतरी जुळून आलं आणि चव बरीचशी तिच्यासारखी लागली. मी स्वयंपाकघरात उभा राहून दोन वाट्या प्यायलो. डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीवर ढकलून दिलं.

रविवारी अकराला मंडळी आली. नीलेशने चपला काढायच्या आधीच सांगितलं, “बाबा, आम्ही तीनला निघू हां. नंतर काशीमीऱ्याला ट्रक सुरू होतात.”

“हो, हो. मलाही कामं आहेत,” मी म्हणालो. सकाळपासून मी तीन वेळा गॅलरीत जाऊन रस्ता बघून आलो होतो.

सगळे गच्चीवर गेलो. तिथे पाण्याच्या टाकीच्या सावलीत चौथ्या मजल्यावरच्या हंसाबेन हातात काठी घेऊन कबुतरं हाकत बसल्या होत्या. समोर स्वच्छ प्लास्टिकवर त्यांचे खीचिया वाळत होते. तांदळाच्या उकडीचे पांढरेशुभ्र पापड, गच्चीच्या या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत. हंसाबेन भावनगरच्या, जैन, आणि इमारतीत माझ्याशी रोज बोलणारं एकमेव माणूस. त्या जिन्यात भेटल्या की विचारतात, “मास्तरजी, पानी आया?” मी म्हणतो, “आया.” कधीकधी आलेलं नसलं तरी म्हणतो, म्हणजे त्या पुन्हा विचारायला येतात.

“संभालके हां, मास्तरजी,” त्या म्हणाल्या. “कल सुबह मेरा भाई ले जानेवाला है. बेटी के लिए है. दो साल से उसने मेरे हाथ का खाया नहीं.”

“आप चिंता मत करो,” मी म्हणालो. “ये शुद्ध विज्ञान है.”

सईने मोबाइल धरला. मी ग्रीकांपासून सुरुवात केली, बैल, काठी, कंपास असं करत साहेबांपर्यंत आलो आणि किटली फिरवली. पाणी पडलं नाही. रेश्माने टाळ्या वाजवल्या. नीलेशने घड्याळ पाहिलं.

सई मात्र खाली बसून व्हिडिओ परत बघत होती. “आजोबा, पाणी दिसतच नाहीये. वाटतंय तुम्ही रिकामी किटली फिरवताय. आमच्या मिसना खोटं वाटेल. कलर टाकू ना काहीतरी.”

“घरात रंग कुठे असणार?” रेश्मा म्हणाली.

इथे मी गप्प बसलो असतो तर ती पाटी लागली नसती. पण कालपासून मी एका गोष्टीचं कौतुक कोणाकडून तरी ऐकायला टपलो होतो. “रंग आहे,” मी म्हणालो. “गुलाबी आहे. सोलकढी.”

“बाबा, सोलकढी कोणी फिरवतं का?” नीलेश म्हणाला.

“द्रव पदार्थ आहे. निसर्गाचे नियम सोलकढीला वेगळे नसतात.”

खाली जाऊन मी पातेलंभर सोलकढी किटलीत ओतून आणली. झाकण काढलं, कडी आकड्यात अडकवली. नीलेशने दोरी हातात घेऊन पाहिली. “ही तीच जुनी ना? मी नवीन आणलेली तिचं काय झालं?”

“कपाटात आहे.”

“मग आणतो ना मी.”

“नको. हीच हवी,” मी जरा जोरातच म्हणालो. त्याने गाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि दोरी सोडून दिली. सुलभा असती तर ती याच गच्चीवर उभी राहून “पुरे आता, हात दुखेल” म्हणाली असती. ती नव्हती, म्हणून निदान तिची गाठ तरी प्रयोगात असावी असं मला वाटत होतं. हे सगळं त्याला सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “बाजूला हो.”

किटली फिरली. गुलाबी वर्तुळ फारच सुंदर दिसत होतं. “मस्त, आजोबा! अजून फास्ट!” सई ओरडली. मी वेग वाढवला. वेग दुप्पट केला की ताण चौपट होतो, हेही मला पाठ आहे. सातव्या फेरीला माझा हात एकदम हलका झाला.

दोरी वर्तुळाच्या अगदी खालच्या बिंदूला तुटली, जिथे ताण सर्वांत जास्त असतो. पुस्तकात तसंच दिलंय. किटली स्पर्शिकेच्या दिशेने नाकासमोर सरळ निघाली. पुस्तकात तेही दिलंय. पुस्तकात फक्त समोर हंसाबेन बसलेल्या दाखवलेल्या नाहीत. आणि मी काय केलं? मी बोट दाखवून म्हणालो, “बघ सई, स्पर्शिका!” हे व्हिडिओत स्पष्ट ऐकू येतं.

किटली हंसाबेनच्या डाव्या अंगाने टाकीच्या लोखंडी पायावर आदळली. खणकन आवाज झाला, कबुतरं उडाली, आणि पातेलंभर सोलकढी या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत पसरली. एक खीचिया सुटला नाही. हंसाबेनच्या पांढऱ्या साडीवर गुलाबी ठिपके उमटले, चष्म्यावर दोन.

“हाय हाय, मारा खीचिया,” त्या हळूच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“हंसाबेन, कुछ नहीं होगा,” मी धावत जाऊन धोतरासारखी लुंगी वर खोचत म्हणालो. “पोंछ देंगे. कोकम है, नारियल है. सब शाकाहारी है.”

त्यांनी चष्मा पुसला, बोटाने एक खीचिया उचलला आणि वास घेतला. “लहसुन डाला है?”

जैन बाई. लसूण घरातसुद्धा आणत नाहीत. मी गच्चीवरून आभाळाकडे पाहिलं. “दोन पाकळ्या,” मी मराठीत म्हणालो. गुन्हा माणूस नेहमी मातृभाषेत कबूल करतो.

“पाच,” सई म्हणाली. “तुम्हीच खाली सांगितलं, आजोबा, पाच घातल्या म्हणून इतकी छान झाली.”

हंसाबेन नुसत्या त्या गुलाबी पापडांकडे बघत बसल्या. पहाटेपासूनची मेहनत, आणि भाऊ उद्या सकाळी निघणार. दूर असलेल्या लेकीला आपल्या हातचं काही पाठवायचं आणि ते जायच्या आदल्या दिवशी वाया जायचं, यात कसं वाटतं ते मला कळत होतं. कळत होतं म्हणून मी आणखीच निरुपयोगी झालो आणि हातातली अर्धी दोरी गुंडाळायला लागलो.

हललं कोणी, तर रेश्मा. तिने ओढणी कमरेला बांधली. “हंसाबेन, आटा और है?”

“है. चावल का आटा तो है. लेकिन अकेली से अब नहीं होगा, बेटा.”

“अकेली क्यों? हम चार लोग हैं.”

मी नीलेशकडे पाहिलं. नीलेशने घड्याळाकडे पाहिलं. मग त्याने ते काढून खिशात टाकलं.

पुढचे सात तास परब कुटुंबाने खीचिया केले. हंसाबेन उकड काढत होत्या, रेश्मा मळून गोळे करत होती, नीलेश लाकडी दाबाच्या पाटाखाली गोळा ठेवून त्यावर सगळा भार टाकत होता, सई पापड उचलून उन्हात पसरत होती. मी दोन पापड पसरवले, दोन्ही फाटले. मग हंसाबेननी माझ्या हातात काठी दिली आणि कबुतरांवर नेमलं. जेवायला वेळ नव्हता. सगळ्यांनी गरम उकडच वाटीत घेतली, वर तेल आणि लाल तिखट. माझा भात आणि बटाट्याची भाजी खाली तशीच राहिली. तीन वाजले. काशीमीऱ्याला ट्रक सुरू झाले असणार. कोणी बोललं नाही, मी तर मुळीच नाही.

पाचच्या सुमाराला सई माझ्या शेजारी येऊन बसली. “आजोबा, एक डाउट आहे. दोरी तुटल्यावर किटली केंद्राकडे का नाही आली? सरळ का गेली?”

“तिला केंद्र माहीत नसतं ग. दोरीने ओढलं की वळते. ओढणं थांबलं की ज्या दिशेने चालली असेल तशी निघून जाते.”

“मग नाव चुकलंय. केंद्र शोधणारं म्हणे. किटली काहीच शोधत नाहीये. सगळं काम तर हात करतोय.”

बत्तीस वर्षांत एकाही पोराने मला हे विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. फळ्यावर मी वर्तुळ काढायचो, मध्ये ठिपका काढायचो, आणि ठिपक्याकडे टोक केलेला बाण. ठिपका म्हणजे काही न करता बसलेला, असंच मला वाटायचं. तो मान्यवर आहे, बाकीचे त्याच्याभोवती.

“आईचा फोन रोज सातला यायचा,” नीलेश पाटावर भार देत म्हणाला. कोणालाच उद्देशून नाही, पापडाला सांगितल्यासारखं. “मीटिंगमध्ये असलो तरी यायचा. वैताग यायचा तेव्हा.”

मी काठी आपटली. कबुतर नव्हतं.

आठ वाजता ते निघाले. अर्धवट वाळलेले खीचिया हंसाबेननी घरात पंख्याखाली पसरले आणि दुसऱ्या दिवशी ते भावाबरोबर गेलेही. जाताना नीलेशने ती तुटलेली दोरी आकड्यासकट माझ्या कपाटात ठेवली आणि नवी ग्रिलला बांधून दिली. गाठ त्याने बांधली. वेडीवाकडी बांधलीय, कधी सुटेल सांगता येत नाही.

सोमवारी घर पुन्हा होतं तसं झालं, उलट जास्तच. माणसं येऊन गेली की रिकाम्या खुर्च्या मोजून दिसतात. पावणेसातला मी पेपर उघडला. सातला बंद केला. फोन उचलला, ठेवला, पाणी प्यायलो, लुंगी बदलून पँट घातली (फोनवर दिसत नाही, हे मला माहीत आहे) आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बोटाने मुलाचा नंबर लावला.

एका रिंगमध्ये उचलला. “बाबा? काय झालं?”

“काही नाही.”

“पडलात का?”

“नाही रे.”

“छातीत दुखतंय? गॅस बंद आहे ना? थांबा, हंसाबेनना फोन द्या.”

“अरे, मी ठणठणीत आहे.”

“मग फोन का केलात?”

सेंट्रिपेटलवर मी चाळीस मिनिटं बोललो होतो. इथे मला एक वाक्य सुचेना. मागून रेश्माचा आवाज आला, “विचार, जेवणाचं काय केलंय.” त्याच्याही मागून सई, “विचार, दोरी चेक केली का.” त्या मागच्या आवाजात बसायची माझी जागा होती. आता ती दुसऱ्यांनी घेतली होती, आणि मी सुलभाच्या जागेवर येऊन पडलो होतो. अवघड जागा आहे ती.

“नीलेश, या रविवारी याल का?” मी विचारलं. परबांच्या घराण्यातलं हे पहिलं मागणं.

“बाबा, काशीमीऱ्याला…”

“ट्रक असतात. माहीत आहे मला.”

“तसं नाही. सकाळी लवकर निघू, असं म्हणत होतो.”

फोन ठेवून मी पडद्यावर पाहिलं. एकूण बोलणं दीड मिनिट. त्यातलं सव्वा मिनिट मी जिवंत आहे हे मुलाला पटवण्यात गेलं होतं.